हार्वेसाहेबांच्या बिअरचा पंप

शुक्रवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी अण्णाराव कलशेट्टी यांचं दुकान होतं. दुकानाला पाटी नव्हती. दारात एक मोडका हातपंप उभा करून ठेवलेला असे, तीच पाटी. बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरात पाण्याची जी दशा झाली, तिच्यात या दुकानाला ऊर्जितावस्था आली. विहिरी खोल गेल्या, तसे पंप खोल गेले, आणि खोल गेलेला पंप पाणी उचलेनासा झाला की माणसं अण्णारावांकडे यायची. दुष्काळ सरला तरी ही वहिवाट राहिली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात खिशाचा सदरा आणि खांद्याला पिशवी, अशी त्यांची मूर्ती गावात आणि गावाबाहेर सगळ्यांच्या ओळखीची होती.

त्यांच्या घरात एक रीत होती. कुठंही नवा पंप बसवला, की निघालेली पहिली धार मालकाला द्यायची नाही. मिस्तऱ्यानं ओंजळ धरायची, ते पाणी स्वतः प्यायचं आणि मग बाजूला व्हायचं. वडील मडिवाळप्पा म्हणायचे, "जे आपुन पिनार न्हाय, ते दुसऱ्याला कसं पाजायचं?" अण्णारावांनी ही रीत कधी मोडली नव्हती. मचूळ पाणी प्याले, खारं प्याले, एकदा तर बेडकाच्या पिल्लासकट प्याले. पंपात पिण्याचं पाणी खेळायचं म्हणून त्याला काळं तेलही ते कधी लावत नसत. पिशवीत करडईच्या तेलाची कुपी असायची. घाण्याचं, चोख, भाकरीबरोबर खावं असं.

पण पंपाची खरी विद्या त्यांना वडिलांकडून मिळाली नव्हती, ती मिळाली होती रेल्वेच्या लोकोशेडमध्ये. वडील धडधाकट होते तोवर अण्णाराव तिथं खलाशी, म्हणजे हाताखालचे मदतनीस, होते आणि क्लिफर्ड हार्वे नावाच्या फिटरच्या हाताखाली इंजिनाच्या नळ्या, झडपा, पॅकिंग शिकले होते. हार्वेसाहेब बोलायला कमी. काम बिघडलं तर एकच शब्द, "कचरा." काम चांगलं झालं तर तोही नाही, नुसतं पुढचं काम पुढ्यात सरकवायचे. कुणा एका खलाशाला म्हणे एकदा ते "ठीक है" म्हणाले होते. त्या खलाशानं मुलीच्या लग्नातसुद्धा पाहुण्यांना ही गोष्ट सांगितली. अण्णारावांना हा शब्द कधीच मिळाला नाही. पुढं वडील अंथरुणाला खिळले, शेड सुटली, दुकान गळ्यात आलं. पण नवा पंप बसवून झाला की आजही त्यांची मान आपोआप मागं वळायची. मागं कुणी उभं नसायचं.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर हार्वेसाहेब स्वतः दुकानात आले. सायकल होती, पण हातानं ढकलत आणलेली. उजवा खांदा पडलेला होता.

"अन्ना, एक पंप बनव."

अण्णाराव उठून उभे राहिले, स्टूल पुसून पुढं केलं. "उस्ताद, निरोप धाडला असता तर मीच आलो असतो की. कसला पंप?"

"छोटा. हातानं चालवायचा. गरम माल खालच्या हंड्यातून वरच्या बरणीत चढवायचा. लोखंड नको, चामडं नको. चव मारतं."

"माल कसला?"

"बिअर."

अण्णारावांनी हातातला पाना खाली ठेवला आणि परत उचलला. "उस्ताद, आमच्यात तर…"

"तुला पी म्हणतो का मी? पंप बनव म्हणतो."

मग साहेबांनी तुटक तुटक सांगितलं. त्यांचे वडील गार्ड होते. दर नाताळाला घरी जवाची बिअर करायचे. वडिलांमागं साहेबांनी ती केली. हंड्याचा एक कान ते धरायचे, दुसरा बायको धरायची. आता बायको डोरिस राहिली नव्हती आणि खांदाही राहिला नव्हता. मुलगी ऑस्ट्रेलियात, पर्थ नावाच्या गावी होती. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरायच्या आत साहेब कायमचे तिकडं निघणार होते. जायच्या आधी एकदा सोलापुरात, त्याच हंड्यात बिअर करायची आणि शेडमधल्या जुन्या सोबत्यांबरोबर बसून प्यायची, एवढंच मनात होतं.

"पन उस्ताद, घरी करायला सरकारची परवानगी असती का?"

"मी विकत नाही," साहेब म्हणाले. हे प्रश्नाचं उत्तर होतं की नव्हतं, ते अण्णारावांना कळलं नाही. साहेब सायकल ढकलत निघूनही गेले होते.

घरी बायको गिरिजाबाई भाकऱ्या थापत होत्या. अण्णारावांनी चुलीपाशी बसून सगळी हकीकत सांगितली. म्हटलं, उस्तादानं हातात विद्या दिली, आयुष्यात काही मागितलं नाही, आज मागतोय तर हे.

"तुमी पिऊ नका म्हंजे झालं," गिरिजाबाई म्हणाल्या.

"पन पंप तर त्याच कामाला जानार न्हवं?"

"अवो, तुमचा पंप पाटलाच्या हिरीवर हाय. पाटील त्ये पानी उसाला देतो. ऊस कारखान्याला जातो. कारखाना मळीचं काय करतो, कधी इचारलंय?"

अण्णारावांनी हे कधी विचारलं नव्हतं. आता विचार केल्यावर त्यांना अधिकच कसंतरी झालं.

गिरिजाबाईंनी भाकरी उलटली आणि बोलणंही उलटलं. "तरी पन धान्य कुजवायचं म्हंजे बरं न्हवं. मागल्या सालापतुर मानसं सरकारी सुकडी आन रेशनची लाल मिलो खाऊन जगली."

"मग करू का नको?"

"मी कुटं नको म्हनले?"

"मग कर म्हनतीस?"

"तसंबी न्हाय म्हनले. जेवा आता."

जेवताना अण्णारावांच्या मनात तिसरीच शंका आली आणि घास हातात राहिला. पंप झाला, चालू झाला, तर पहिली ओंजळ कुणाची?

तरी पंपाचं काम सुरू झालं. हात मनाची वाट बघत बसले नाहीत. मोडीत निघालेल्या फवारणीच्या पंपाचं पितळी नळकांडं त्यांच्याकडं पडून होतं, ते चिंचेनं घासून लख्ख केलं. झडपांना लोखंडी छरे चालणार नव्हते. सोडावाल्याकडं फुटक्या बाटल्यांचा ढीग होता. त्यातल्या काचेच्या दोन गोट्या मागून आणल्या. पाणी वर यायला लागलं की गोटी उचलायची, परतायला लागलं की आपल्याच वजनानं भोक बुजवायची. ती नीट बसावी म्हणून पितळी कडं राखेनं घोटलं. राहिला दट्ट्या. चामड्याचा वॉशर नाही, तर तिथं घालायचं काय? समोरच्या घरात सुंदरम्मा मागासाठी कांड्या भरत बसायची. अण्णारावांनी तिच्याकडं सुताची गुंडी मागितली.

"पंपाला सूत?" सुंदरम्मा हसली. "उद्या मागाला पानी लावा म्हनाल अण्णा."

पीळ घातलेलं सूत दट्ट्याभोवती गुंडाळून, भिजवून, ठोकून बसवलं. दुकानातल्या हौदात पंप उभा केला आणि दांडा ओढला. अशी धार आली की समोरून सुंदरम्मानं मान डोलावली. अण्णारावांनी ओंजळ धरली, पाणी प्याले. आता साहेबांच्या घरी नुसतं जोडायचं काम राहिलं.

हार्वेसाहेबांचं घर रेल्वे लाइन्सच्या मागल्या बाजूला होतं. मागच्या अंगणात चूल, चुलीवर कल्हई केलेला तांब्याचा हंडा, आणि भिंतीतल्या कट्ट्यावर चिनी मातीची मोठी बरणी. आधी नुसत्या पाण्यावर बघू, साहेब म्हणाले. हंडाभर पाणी खळखळा उकळलं. अण्णारावांनी पंप हंड्याच्या वर लाकडी घोडीला बांधला, नळी पाण्यात सोडली आणि दांडा ओढला.

दांडा हलका लागला. परत ओढला. आत काहीतरी गुरगुरलं. बरणीकडच्या नळीतून थोडी वाफ आली, पाण्याचा थेंब आला नाही.

साहेब वेताच्या खुर्चीत बसून बघत होते. अण्णाराव "कचरा" या शब्दाची वाट बघत राहिले. तोही आला नाही. साहेबांनी पाइप पेटवला आणि दुसरीकडं बघायला लागले. याचा अर्थ काय घ्यायचा, हेही अण्णारावांना उमगलं नाही.

पंप दुकानात आणून हौदात धरला, तर मनगटाएवढी धार. परत साहेबांकडं नेला, तर गुरगुर. सूत बदललं. गोट्या बदलल्या. कडी पुन्हा घोटली. हौदात पंप शहाणा, अंगणात वेडा. अण्णारावांची झोप उडाली. पंपालाच हे काम पसंत नसावं, अशीही शंका त्यांच्या मनात येऊन गेली. पण हंड्यात अजून होतं तरी काय? साधं नळाचं पाणी. पाण्याला काय ठाऊक आपल्यामागून कोण येणार आहे ते?

"भिवून असंल," गिरिजाबाई म्हणाल्या.

"पंप भितो व्हय?"

"पंप न्हाय. तुमी."

असेच एकदा ते रेल्वेच्या फाटकापाशी उभे होते. मालगाडीचं इंजिन समोर थांबलेलं. फायरमन खाली उतरला आणि चाकांजवळच्या एका नळीवर बादलीनं गार पाणी ओतायला लागला. फाटक उघडलं, बैलगाड्या निघाल्या, मागचे लोक "चला की" म्हणून ओरडायला लागले, अण्णाराव तिथंच.

ते इंजेक्टर होतं. टेंडरमधलं, म्हणजे इंजिनामागच्या टाकीतलं, पाणी बॉयलरमध्ये ढकलणारं. ते तापलं की पाणी उचलत नाही, म्हणून त्याला न्हाऊ घालतात. शेडमध्ये असंच एक तापलेलं इंजेक्टर समोर ठेवून साहेबांनी सांगितलं होतं, "गरम पाण्याला ओढायचं नाही. ओढलं की ते वाटेतच वाफ होऊन बसतं. त्याला आपणहून खाली येऊ द्यायचं, मग ढकलायचं." म्हणून तर इंजेक्टर टेंडरच्या खाली असतं. ऐकलेलं होतं, पाठ होतं. पण त्यानंतरचं सगळं आयुष्य विहिरींवर गेलं, आणि विहिरीत पाणी खाली असतं, पंप वर असतो. पाण्याच्या खाली पंप ठेवायचा, हे त्यांच्या हातांना सुचलंच नव्हतं.

ते थेट साहेबांच्या घरी गेले. "उस्ताद, पंप हंड्याच्या खाली पायजे. हंड्याला बुडाशी तोटी, तोटीतून माल आपसूक पंपात उतरंल, मग वर ढकलायचा."

"हां," साहेब म्हणाले.

"तुमाला ठावं हुतं?"

"होतं."

"मग सांगितलं का न्हाय?"

"तू विचारलं नाहीस."

अण्णारावांना याचा राग यावा की आनंद व्हावा, ते ठरेना. पण चुलीखाली विटांचा ओटा झाला, हंड्याला पितळी तोटी डाखली, पंप जमिनीलगत बसला, आणि उकळतं पाणी दांड्याच्या प्रत्येक रेट्याबरोबर बरणीत जाऊन पडायला लागलं. साहेबांनी खुर्चीतून उठून बरणीत डोकावून पाहिलं. नुसतं म्हणाले, "रविवारी ये."

रविवारी अण्णाराव गेले तेव्हा अंगणात निराळाच वास होता. मोड आणून, वाळवून, भाजून भरडलेले जव गरम पाण्यात भिजत होते. ते पाणी फडक्यानं गाळून हंड्यात घातलं, जाळ केला. बिअरच्या चवीसाठी मुलीनं पाठवलेली वाळक्या कडू फुलांची पुडी साहेबांनी फोडून आत टाकली. मग आठवलं की खमीर आणायचं राहिलंय. ओळखीच्या पाववाल्याकडं खमीर सांगून ठेवलं होतं.

"मी जाऊन येतो," साहेब म्हणाले. "उकळी मोडू देऊ नकोस. आणि उतू जाऊ देऊ नकोस."

"तुमी निवांत जावा."

साहेब गेले आणि जरा वेळानं हंडा फुगायला लागला. तपकिरी, दाट फेस काठापर्यंत आला. लाकडं ओढावीत तर उकळी मोडणार. न ओढावीत तर उतू जाणार. एका क्षणापुरती अण्णारावांची तारांबळ उडाली. पण त्या वासात काहीतरी ओळखीचं होतं. गोड, भाजकं, थोडं जळकं. मामाचं मोडनिंबजवळ गुऱ्हाळ होतं. लहानपणी हिवाळ्यात ते तिथंच असायचे. काहिलीतला रस असाच फुगायचा, आणि गुळव्या कधी जाळ ओढायचा नाही. शांतपणे तेलाची पळी हातात घ्यायचा, कडेनं धार सोडायचा, आणि एवढा मोठा फेस बघता बघता खाली बसायचा. रस उकळतच राहायचा. फेस म्हणजे मळ. फेस म्हणजे गूळ हातचा जाणार.

अण्णारावांनी पिशवीतून करडईची कुपी काढली. साहेबांच्या स्वयंपाकघरातून पळी आणली. गुळव्यासारखीच कडेनं धार सोडली. फेस विरला. हंडा कसा गुणी बाळासारखा उकळायला लागला. साहेबांनी दोन्ही गोष्टी बजावल्या होत्या, दोन्ही सांभाळल्या गेल्या. अण्णारावांनी पळी धुऊन जागच्या जागी ठेवली.

साहेब आले, हंड्यात बघितलं, काठ कोरडा बघितला. समाधानानं मान हलवल्यासारखी वाटली. पण ती खांदा दुखल्यामुळंही हलली असेल. मग तोटी उघडली. अण्णारावांनी दांडा मारला, आणि माल बरणीत पडायच्या आधी ते नळीचं तोंड हातात धरून थांबले.

"उस्ताद, एक इचारू? ही आता दारू हाय का?"

"नाही. खमीर घातलेलं नाही."

"मग दारू कवा व्हनार?"

"उद्या, परवा. हळूहळू."

"तसं न्हवं. नेमकी कोनत्या टायमाला? म्हंजे आता न्हाय आन मग हाय, आसं कवा?"

साहेबांनी बराच विचार केला. "ते मला माहीत नाही, अन्ना," ते म्हणाले. "माझ्या बापालापण माहीत नसेल."

अण्णाराव तसेच उभे राहिले. ओंजळ न घ्यावी, तर स्वतः न पिणारी वस्तू दुसऱ्याला पाजल्यासारखं होईल. घ्यावी, तर जी वस्तू उद्या दारू होणार ती आजच प्यायल्यासारखं होईल. एरवी पाणी पिताना हात छातीवरच्या लिंगाकडं जायचा, तो आज निम्म्या वाटेत थांबला. शेवटी त्यांनी पेल्यात धार धरली, निवू दिली, ती डाव्या हातानं उजव्या तळव्यात ओतली आणि डोळे मिटून प्याले. आधी काकवीसारखं गोड लागलं. मग कडू. आपण काय केलं हे त्यांना सांगता आलं नसतं. पण रीत मोडली नाही एवढं खरं.

"चांगलं लागतंय," ते म्हणाले.

"नळी धू," साहेब म्हणाले.

नाताळ झाला, नवं साल लागलं. बाटल्या भरून झाल्या होत्या. जायच्या आदल्या आठवड्यात साहेबांनी अंगणात खुर्च्या मांडल्या. शेडमधले जुने दोघे-तिघे आले. त्यात ज्ञानबा होता, म्हातारा फायरमन, जिभेला हाड नसलेला. अण्णारावांसाठी वेगळं लिंबाचं सरबत केलं होतं. पण त्यांचं लक्ष सरबतात नव्हतं. त्यांचं लक्ष साहेबांच्या तोंडाकडं होतं. माल तयार झाला, पंपाचं काम पुरतं झालं. शब्द यायचा तर तो आजच यायचा होता. पुढच्या आठवड्यात तो शब्द बोलणारं तोंड समुद्रापलीकडं जाणार होतं.

साहेबांनी बूच काढलं. फस्सकन आवाज आला. तिरक्या ग्लासात त्यांनी हळूहळू ओतलं. सोनेरी, नितळ. बुडबुडे भराभरा वर आले आणि वर येऊन नाहीसे झाले. एक शिंतोडा फेस नाही. अण्णारावांना धन्य वाटलं. गुळव्यानं शाबासकी द्यावी असा स्वच्छ माल.

साहेब मात्र ग्लासाकडं बघत राहिले. त्यांनी ग्लास उजेडात धरला. मग ते आत गेले, ग्लास मिठानं घासून आणला, दुसरी बाटली फोडली. पुन्हा तेच.

"साहेब, फेस कुटं हाय? ही बिअर हाय का कोरा च्या?" ज्ञानबा म्हणाला.

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "पाववाल्यानं खमीर शिळं दिलं असेल," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही, गॅस तर आहे." मग जवाला दोष दिला. मग पर्थहून आलेल्या फुलांना. शेवटी ते खुर्चीत बसले, डावा हात उजव्या खांद्यावर ठेवला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मीच काहीतरी विसरलो. डोरिस असती तर तिच्या लक्षात आलं असतं. म्हातारा झालो."

अण्णारावांना काही कळेना. बिअरला फेस लागतो, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. पण उस्तादांचा आवाज त्यांनी असा पडलेला कधी ऐकला नव्हता. ते उठले.

"उस्ताद, तुमी काय हुडकताय? फेस?"

"हां. फेस."

"त्यो तर मी मारला की."

सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडं वळली.

"तुमी खमीर आनायला गेला, हंडा फुगला. तुमी म्हनलावता उतू जाऊ द्यू नको, उकळी मोडू नको. मग मी तेल सोडलं. गुऱ्हाळात सोडत्यात तसं."

"तेल."

"करडईचं. चोख, घान्याचं. वंगन न्हवं उस्ताद, खायाचं."

"किती?"

"एक पळी."

साहेबांनी डोळे मिटले. त्यांचा पडलेला खांदा हलायला लागला, मग पोट हलायला लागलं, आणि शेडमध्ये इतकी वर्षं काढून अण्णारावांनी कधी न ऐकलेला आवाज त्यांच्या घशातून निघाला. साहेब हसत होते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, खोकला येईस्तोवर हसत होते. "एक पळी," ते म्हणायचे, आणि परत हसायचे. ज्ञानबानं त्यांची पाठ चोळली. अण्णाराव सरबताचा पेला धरून उभे होते. आपण काही विनोद केला का, हे आठवायचा ते प्रयत्न करत होते.

"बिअरला फेस पाहिजे, अन्ना," साहेब शेवटी म्हणाले. "फेस नाही तर बिअर नाही. तेलानं फेस मरतो."

अण्णाराव खाली बसले. "म्हंजे माज्यामुळं…"

"हंडा उतू गेला?"

"न्हाय."

"उकळी मोडली?"

"न्हाय."

साहेबांनी डोळे पुसले. कोपऱ्यात धुऊन, पुसून ठेवलेल्या पितळी पंपाकडं बघितलं. "पंप ठीक है," ते म्हणाले.

अण्णारावांचा कानावर विश्वास बसेना. ते काही बोलायच्या आतच ज्ञानबानं विचारलं, "आन बिअर, साहेब?"

"बिअर कचरा," साहेब म्हणाले, आणि ग्लास तोंडाला लावून त्यांनी तो तळापर्यंत रिकामा केला. मग दुसरा भरला. बाकीच्यांनीही ग्लास पुढं केले. बाटल्या संपेपर्यंत कुणी उठलं नाही, आणि जाताना ज्ञानबा अण्णारावांच्या कानात म्हणाला, "घशाखाली लई गुळगुळीत उतरली बघा. तेलाचाच गुन."

घरी येताना अण्णाराव तो शब्द मनात उलटापालटा करत होते. एवढी वर्षं वाट पाहिली आणि तो मिळाला तेव्हा त्याच श्वासात दुसराही मिळाला. चांगलं म्हणाले ते कशाला, वाईट म्हणाले ते कशाला, हे तर उघड होतं. पण पंप ज्याच्यासाठी केला तेच बिघडलं, तर पंप ठीक कसा? आणि बिघडलंच होतं, तर सगळे प्याले का? आणि उस्ताद हसले का?

गिरिजाबाई ताक घुसळत होत्या. अण्णाराव समोर बसून बघत राहिले.

"अगं, प्यायच्या वस्तूला फेस चांगला असतो व्हय?"

"ताकाला असतो की," गिरिजाबाई म्हणाल्या. रवी उचलून त्यांनी दाखवली. "ह्यो बघा. फेस नसला तर समजायचं ताक कालचं हाय."

"आन गुळाला?"

"गुळाला कशाला पायजे? गूळ काय पितंय व्हय कुनी?"

अण्णारावांनी रवीवरचा फेस बोटानं टिपून बघितला. हे त्यांना रविवारच्या आधी विचारायला हवं होतं. पण विचारायचं सुचलं असतं कशावरून?

निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी बोलावणं धाडलं. घर रिकामं झालं होतं. एक पत्र्याची पेटी उघडी होती आणि तिच्यात कपड्यांच्या घड्यांवर पंप आडवा ठेवलेला होता. दट्ट्या काढून वेगळा गुंडाळलेला. काचेच्या गोट्या साहेब एका लोकरी मोज्यात घालत होते.

"आणखी दोन दे," ते म्हणाले. "तिकडं सोड्याच्या बाटल्यांत गोटी नसते."

अण्णारावांनी गोट्या आणून देतो म्हणून सांगितलं. दारापर्यंत गेले आणि वळले.

"तितं पंप मिळत न्हाईत व्हय, उस्ताद?"

"मिळतात," साहेब म्हणाले, आणि मोज्याला गाठ मारायला लागले. एका हातानं ती बसेना, म्हणून अण्णाराव परत आत गेले आणि दुसरं टोक त्यांनी धरलं.